दारात आलेलं जोडपं

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

“दारात आलेलं जोडपं मी माघारी धाडत न्हाय.”

आबा हे आईला म्हणाले होते. मी तेव्हा अकरा वर्षांची, विजू आठचा. दिवेलागण झालेली, आणि आमच्या दारात एक मुलगा आणि एक मुलगी उभी. मुलाच्या एकाच पायात चप्पल. दोघं दोन जातींची, घरातून पळून आलेली. त्यांना वाटेत कुणीतरी सांगितलं होतं — बिद्रीच्या साखर कारखान्यात गुंडू फिटर आहे, तो आपल्या विहारातला बौद्धाचार्य, तो लग्न लावून देतो, फार चौकशा करत नाही.

आई म्हणाली, “उद्या हिचा बा काठ्या घिऊन आला म्हंजे?”

तेव्हाचं ते वाक्य. आवाज चढवून नाही, सदरा बदलता बदलता म्हणाले. फुलं नव्हती. आईनं परसातली सदाफुली ओंजळभर तोडून आणली. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे मेणबत्ती लावली, आबांनी प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या, आणि झालं लग्न. मग आईनं पिठलं टाकलं. विजू त्या मुलाच्या रिकाम्या पायाकडे सारखा बघत होता. सकाळी निघताना आबांनी स्वतःच्या चपला त्याला दिल्या आणि कारखान्यात अनवाणी गेले.

आज हे आठवलं, कारण विजूचा फोन आला. तो ब्रिटनमध्ये खासदार आहे, डिसेंबरात त्यांच्या संसदेला सुट्टी असते. बावीस तारखेला येतोय.

“मार्टिनला घेऊन येतोय, आक्का.”

मी म्हटलं, ये. फोन ठेवल्यावर कॅलेंडरवर बावीस तारखेला खूण करायला गेले, आणि केली नाही.

१ डिसेंबर

मनाली दवाखान्यातून घरी आल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, “आतली खोली त्यांना देऊ. मार्टिनचा गुडघा खराब आहे ना? गादी खाली नको. पलंग लागेल.” फिजिओथेरपिस्ट बाई! मी कशाला घाबरलेय ते तिला कळलं, पण ती गुडघ्याबद्दल बोलली. बरं केलं.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी कोल्हापूरहून गावी गेले. विहारात अभिवादन झालं. आबा पांढऱ्या कपड्यांत, पाठ अजून ताठ. अठ्ठ्याहत्तर वर्षं, पण गाथा म्हणताना एक अक्षर अडत नाही. कार्यक्रमानंतर लोक त्यांच्याभोवती जमले, आणि पुन्हा तोच व्हिडिओ निघाला.

विजू निवडून आल्यावर त्यानं तिथल्या संसदेत पहिलं भाषण केलं, त्यातला एक तुकडा वर्षभर जिल्ह्यात फिरतोय. तेजस्वीनं खाली मराठी ओळी घातल्यात. आमच्या वस्तीतली पोरगी, वकिली शिकतेय. विजू उभा आहे, मागे हिरवे बाक, आणि तो सांगतोय : माझे वडील भारतातल्या एका साखर कारखान्यात फिटर होते. संध्याकाळी ते लग्नं लावायचे. जात विचारायचे नाहीत. दारात आलेलं एकही जोडपं त्यांनी कधी परत पाठवलं नाही.

इथे व्हिडिओ संपतो.

आकाराम काकांनी, म्हणजे कारखान्यातल्या आबांच्या जुन्या सोबत्यांनी, मोबाइल हात लांब करून धरला. “गुंडूदा, बघ की. तुझं नाव लंडनात घेतलंय. आमच्या पोरांनी आमचं नाव रेशन दुकानात बी घेटलं न्हाई.” सगळे हसले. आबा हसले नाहीत. म्हणाले, “उन्हात हुबा राहू नगा, चला.”

व्हिडिओ जिथे कापलाय त्याच्या पुढचं वाक्य मला पाठ आहे. “आज माझा नवरा मार्टिन वर प्रेक्षकांत बसलाय, आणि मी त्या दाराबद्दल विचार करतोय.”

तेजस्वीला मी विचारलं होतं, तुकडा असा का कापलास. ती म्हणाली, “आक्का, मी पुढचं पण ऐकलंय. मला काही वाटत नाही. पण गुंडू आजोबांना रोज विहारात यायचं असतं.”

ज्यांना कळलंय ते बोलत नाहीत. ज्यांना कळलेलं नाही ते कौतुक करतात. आणि आबांना या दोघांच्या मध्ये बसावं लागतं.

६ डिसेंबर, संध्याकाळ

एक गोष्ट अर्धवट राहिली, लिहून टाकते.

भाषणात विजू जे म्हणाला ते खरं नाही.

अकरा वर्षांपूर्वी तिकडे दोन पुरुषांच्या लग्नाचा कायदा झाला तेव्हा त्यानं आबांना फोन केला. रजिस्ट्रारसमोर सह्या होतीलच, पण प्रतिज्ञा तुम्ही म्हणवून घ्या, फोन स्पीकरवर ठेवतो, आम्ही दोघं मेणबत्ती लावून बसू — एवढंच मागणं. आई पदर तोंडाला लावून उभी. मग आबा म्हणाले, “मी न्हाई,” आणि फोन माझ्या हातात दिला. ठेवलासुद्धा नाही. मला ठेवायला लावला. पलीकडे विजू “आबा?” म्हणत होता, आणि मी काय बोलणार?

घरात हे आबांना, विजूला आणि मलाच माहीत होतं, आणि आईला. आता आई नाही.

त्यामुळे जो उठतो तो आबांच्या मोठेपणाचं कौतुक करतो, आणि आबा मान खाली घालून ऐकतात. विजूनं हे प्रेमानं केलं की रागानं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

विजू येईल तेव्हा गावच्या घरी परित्राण पाठ, म्हणजे बुद्धवचनांचं पठण, ठेवायचा आहे, आईच्या नावानं. ती गेली ती गेल्या वर्षीच्या जूनमध्ये, त्याच्या निवडणुकीच्या धामधुमीत. आबांनी त्याला फोनवर सांगितलं होतं, “लोकांचं काम टाकून यिऊ नगंस.” गावाला त्याचंही कौतुक. मला त्या वेळीही वाटलं होतं, आणखी काही कारण असेल का?

तर आकाराम काकांचा निरोप : पाठाच्या दिवशी खासदारांचा परिचय वाचायचा, तो तू लिही, तू पुस्तकं लिहितीस.

आज बसले. मुलांसाठी इतक्या गोष्टी लिहिल्या, सख्ख्या भावाचं एक पान लिहिताना पेन हलेना. जन्म, शाळा, एस.टी.नं कोल्हापूरला कॉलेज. शिष्यवृत्ती. इंग्लंडच्या उत्तरेला एक गाव, पूर्वी तिथं सूतगिरण्या होत्या, आता त्यांच्या चिमण्या नुसत्या उभ्या. तिथं घरं नसलेल्यांना घरं मिळवून देणाऱ्या कचेरीत नोकरी. मग नगरसेवक. मग संसदेला उभा राहिला आणि हरला. मग पुन्हा उभा राहिला.

तिकडचं राजकारण म्हणजे दारं वाजवणं, असं तो सांगतो. सभा फार नसतात. पावसात, कोट घालून, एकेक दार. आबांच्या दारात माणसं यायची, हा माणसांच्या दारात जातो. पहिल्या निवडणुकीत त्याच्या पत्रकावर त्याचा आणि मार्टिनचा फोटो होता, घराच्या पायरीवर बसलेला. एका दारात एक म्हातारा म्हणाला, माझं मत तुला, पण पुढच्या वेळी तो फोटो काढून टाक. विजू म्हणाला, “मग मत राहू दे तुमच्याकडं.” पडला तेव्हा. थोडक्यात पडला. पक्षातली माणसंही म्हणाली, फोटो टाळता आला असता. दुसऱ्या वेळी त्यानं तोच फोटो छापला. आणि तो म्हातारा मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर दिसला, टोपी वर करून गेला. मत कुणाला दिलं देव जाणे! — आम्ही देव मानत नाही, पण सवय.

यातलं परिचयात काय लिहिलं? पत्रक लिहिलं. म्हातारा लिहिला. फोटोत कोण होतं ते लिहिलं नाही.

एक वाक्य लिहून खोडलं, पुन्हा लिहून खोडलं. मनाली खांद्यावरून वाचून गेली. कुकर लावला तिनं.

२० डिसेंबर

गावच्या फाट्यावर फलक लागलाय. निवडणुकांचे दिवस, जिकडेतिकडे चेहरेच चेहरे, त्यात हा सगळ्यांत मोठा. संग्रामनं लावला. वस्तीतलाच मुलगा, छपाईचं काम करतो, पैसे घेतले नाहीत.

“ब्रिटनच्या संसदेचे खासदार, आपल्या मातीचे सुपुत्र मा. विश्वजितदादा यांचे हार्दिक स्वागत.” विजूचा निकालाच्या रात्रीचा फोटो, हात वर केलेला. शेजारी मार्टिन, विजूचा कोट आणि मोबाइल धरून. त्याच्याखाली वेगळी चौकट : “मा. मार्टिनसाहेब, स्वीय सहायक.”

मी स्कूटर थांबवून बघत राहिले. संग्राम तिथंच होता.

“हे कुणी सांगितलं तुला, सहायक म्हणून?”

“सांगाय कशाला पायजे आक्का? कोट धरून हुबा हाय, फोन धरून हुबा हाय. पी.ए.च की. आमदाराचा असाच असतोय. सायबाच्या आधी गाडीतनं उतरतोय.” मग जरा काळजीनं, “का? नाव चुकलं काय?”

मी म्हटलं, नाव बरोबर आहे.

घरी येऊन मनालीला सांगितलं. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग हसू थांबलं, पाणी थांबलं नाही.

२२ डिसेंबर

आले. उजळाईवाडीच्या विमानतळावर विजू आधी मला बिलगला, मग मनालीला. कानशिलावरचे केस पांढरे झालेत. मार्टिन काठी घेऊन मागे. शाळेत भूगोल शिकवतो, बोलतोही तसाच — डोंगर कुठला, नदी कुठली. “जय भीम, आक्का,” म्हणाला. पाठ करून आला होता.

गाडीत फलकाचं सांगितलं. म्हटलं, वाटेत दिसायच्या आधी कळलेलं बरं. विजूनं त्याला इंग्रजीत समजावलं. मार्टिन म्हणाला, चौदा वर्षं कोट धरतोय, कुणीतरी शेवटी हुद्दा दिला.

विजू खिडकीबाहेर बघत होता.

२४ डिसेंबर

आज गावी गेलो. चौघं.

आबा दारात उभे होते. पांढरा सदरा. आमची गाडी लागल्यापासून पायऱ्या चढेपर्यंत ते हलले नाहीत. विजू वाकला, त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात तिथंच राहिला. मग मार्टिन काठी सांभाळत वाकायला लागला, तर आबा झटकन म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. गुडघा दुखतोय न्हवं. या आत, बसा.” अहो-जाहो! पाहुण्याला करतात तसं.

मनालीला मात्र नेहमीसारखं, “ये पोरी. खांदा लई धरलाय बघ थंडीनं.” दर रविवारी ती त्यांच्या खांद्याचा व्यायाम घेते, पाच वर्षं झाली. हुपरीत तिच्या घरी चांदीच्या पैंजणांचा धंदा आहे, त्यांच्या कागदी पेट्यांत ती आबांसाठी गरम पाण्याच्या पिशव्या आणते. आबा सगळ्यांना सांगतात, “प्रियाची भाडेकरू लई गुणाची हाय.”

चहा झाला. आबांनी विजूला विचारलं, तिकडं घरभाडं किती, पाऊस किती, रेल्वे सरकारी झाली का. मार्टिनला काही विचारलं नाही. मार्टिन आईच्या फोटोकडे बघत बसला होता. आईचं नि त्याचं बोलणं व्हायचं — विजूच्या फोनवर, आबा विहारात गेले की. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी. ती परसातली झाडं दाखवायची, तो आपल्या कुंड्या. अर्धा अर्धा तास.

निघताना तो परसात गेला आणि एक सदाफुलीचं फूल घेऊन आला. पाकिटात ठेवलं. आबांनी बघितलं.

राहायला थांबा, असं ते म्हणाले नाहीत.

२८ डिसेंबर, रविवार

नीट लिहायला हवं.

घर भरलेलं. अंगणात मांडव. बुद्धमूर्तीपुढे पाण्याचा कलश, त्याला पांढरा धागा गुंडाळलेला, आणि धाग्याचं रीळ माणसांतून पुढे पुढे जातं, प्रत्येकानं दोन्ही हातांत धागा धरायचा, म्हणजे सगळे एकमेकांशी आणि कलशाशी जोडलेले. आबा समोर. आबांच्या हातातून विजूच्या, विजूच्या हातातून माझ्या, मग मनाली, मग बायका, पुरुष, पोरं. मार्टिन गुडघ्यामुळे मागे खुर्चीवर, वर्तुळाच्या बाहेर. धागा त्याच्याजवळून पुढे जाणारच होता. आकाराम काका वळले आणि रीळ त्याच्या मांडीवर ठेवलं.

“धरा की पावणं. मोकळं काय बसलाय?”

मार्टिननं धरला. पाठ चालू होता. आबांचे डोळे मिटलेले होते, पण मला वाटतं धागा हलला ते त्यांना हाताला कळलं असावं. आवाज एक क्षण खाली गेला आणि पुन्हा वर आला. तासभर मार्टिन धागा धरून बसला, हात जरासुद्धा खाली न घेता.

पाठ संपला, धाग्याचे तुकडे मनगटांवर बांधून झाले, आणि पुष्पांजली सुरू झाली. आमच्याकडे माइकवरून नात्यानं पुकारतात. कोण कोणाचं कोण, ते गावासमोर एकदा मोठ्यानं म्हटलं जातं आणि मग त्या माणसानं फूल वाहायचं. माइक आकाराम काकांकडे, त्यांच्या शेजारी आबा.

“चिमणाबाईचं मालक, बौद्धाचार्य गुंडू आबा.” आबा गेले. “मुलगा, खासदार विश्वजित.” विजू गेला. “मुलगी, लेखिका प्रियदर्शनी.” मी गेले. आईचा फोटो हसतोय, चुलीपुढचा, मनालीनं काढलेला.

“सून…” काका सवयीनं म्हणाले आणि थांबले. माइक बाजूला करून आबांकडे बघितलं. मी दोन हातांवर होते, ऐकू आलं. “गुंडूदा, ह्या पावण्यांस्नी काय म्हणू?”

आबांनी विजूकडे बघितलं. मला वाटलं, आता विजू उठेल. तिकडे संसदेत उभं राहून बोलतो, दारोदार छापील फोटो वाटतो, तो इथं उठेल आणि माइक घेईल. विजूनं आबांकडे बघितलं, आणि मान अगदी थोडी खाली केली. जाऊ द्या, असं.

काकांना काय, फलक पाठच होता. “खासदारसायबांचे स्वीय सहायक, मार्टिनसाहेब.”

मार्टिन उठला. आणि काकांनी त्याच दमात पुढचं नाव घेतलं, “आणि प्रियदर्शनीच्या भाडेकरू, मनालीताई.”

दोघं एकदमच पुढे गेले. तिनं त्याचा कोपर धरला, गुडघ्यासाठी. स्वीय सहायक आणि भाडेकरू. आईच्या फोटोपुढे दोघं शेजारी शेजारी उभे, आणि आम्ही दोघं बहीणभाऊ, ज्यांची ती माणसं, हात बांधून मागे. मार्टिननं पाकीट काढलं. त्या दिवशीची परसातली सदाफुली, चपटी झालेली. तीच वाहिली.

कुणाला काही कळलं नाही. जेवणं झाली. परिचय वाचला गेला, टाळ्या पडल्या. तेजस्वीनं माझ्याकडे बघितलं नाही.

२९ डिसेंबर

मनाली दवाखान्यात लवकर गेली. डबा ओट्यावरच राहिला. नेऊन दिला. “थँक यू मालकीणबाई,” म्हणाली. हसून म्हणाली, तरी.

२ जानेवारी २०२६

त्यांना विमानतळावर सोडलं. मार्टिन सामानापाशी, मनाली त्याच्याशी बोलतेय, आणि विजू मला घेऊन बाजूला गेला.

मी आधीच विचारलं, “माइक का नाही घेतलास?”

“आबांचं गाव आहे ते. मी चार दिवसांचा पावणा. मी बोलून विमानात बसणार, आणि उद्या सकाळी विहारात त्यांना जायचंय.” आणि म्हणाला, “तिकडं बोलायला धैर्य लागत न्हाई एवढं, आक्का. कायदा मागं उभा आहे.”

“आणि ते भाषण? ते तरी खरं बोलायचं होतंस.”

“मला वाटलं, जगासमोर म्हटलं तर खरं होईल.” त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला. “झालं न्हाई.”

मग म्हणाला, “मार्टिनला संग्रामनं पी.ए. केलं. मनालीला भाडेकरू कुणी केलं?”

मला राग आला. खूप. तू इतकी वर्षं लांब राहिलास, इथं सोसायटीची मीटिंग मी करते, हुपरीला तिच्या आईला मी उत्तरं देते, प्रकाशकाच्या बायकोला मी — सगळं बोलले. त्यानं ऐकून घेतलं. त्याला सवय आहे, दारात उभं राहून लोकांचं ऐकून घ्यायची.

“खरं आहे,” म्हणाला. “तुझं अवघड आहे. मी नुसतं विचारलं.”

विमान गेलं. परतीच्या वाटेवर मनालीनं विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, काळजी घे म्हणाला.

३ जानेवारी

भाडेकरू हा शब्द मी काढला. अकरा वर्षांपूर्वी, ती राहायला आली त्या आठवड्यात, जिन्यात शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा. त्याच वर्षी आबांनी विजूला “मी न्हाई” म्हटलं होतं. फोन माझ्याच हातात होता. मी शिकले त्यातून, लवकर शिकले.

मनालीवर माझं प्रेम आहे. इथं, या पानावरसुद्धा, पहिल्यांदाच लिहितेय.

आईला माहीत असावं. एका संक्रांतीला तिनं कासाराकडून काकणं आणली, दोघींना जवळ बसवलं, दोघींच्या हातांत सारखीच भरली. म्हणाली, “आता कसं, बरं दिसतंय.” एवढंच.

४ जानेवारी, रविवार

खांद्याच्या व्यायामाला गेलो, दोघी. मनाली पाणी तापवायला आत गेली तेव्हा आबा मला म्हणाले, “फलक काढाय लाव गं त्या संग्रामला.”

“का? चांगला आहे की.”

“काढाय लाव.”

मनगटावरचा धागा बोटानं फिरवत होते. मग बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“त्यो तिकडं बोल्ला ते खोटं हाय. म्यां त्याला माघारी धाडलाय. माझ्या पोराला. दुनियेची लावली लग्नं.” धागा पुन्हा फिरवला. “आकाराम इचारत हुता, काय म्हणू म्हणून. माझ्या तोंडात शब्द हुता गं. भाईर येईना.”

“विजू रागावलेला नाही, आबा.”

“त्येच की. रागावला असता तर बरं झालं असतं.”

मनालीनं पिशवी आणून खांद्यावर ठेवली, त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, “फोनवर इचारलं त्यानं. फोनवर न्हाई म्हणाय सोपं असतंय. दारात आला असता तर…”

“तर?”

“काय केलं असतं ते मलाबी ठावं न्हाई. न्हाईच म्हटलं असतं बहुतेक.” डोळे उघडले. “चिमणा असती तर तिनं फुलं आणली असती.”

मनाली त्यांचा हात धरून उभी होती. मोजत होती, वर, खाली. एक आकडा दोनदा म्हणाली, तरी मोजायची थांबली नाही.

७ जानेवारी

फलक उतरवला. संग्राम विचारत होता, चूक काय झाली. मी म्हटलं, तुझी काही चूक नाही, तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

८ जानेवारी

रात्रीची भांडी मनाली घासत होती, मी पुसत होते. मी विचारलं. आधी वाक्य मनात दहा वेळा जुळवलं होतं, प्रत्यक्षात नुसतं “करशील का?” एवढंच निघालं.

तिनं नळ बंद केला. “कुठं? कायदा नाही आपल्याकडं.”

“कायदा नाही. दार आहे.”

तिनं हात पुसले. मग म्हणाली, “आबांच्या खांद्याचं काय? ते मला पुन्हा हात लावू देणार नाहीत, प्रिया. पाच वर्षांची मेहनत आहे.” आणि रडायला लागली. पण नाही म्हणाली नाही. मी दोनदा विचारून खात्री केली.

१० जानेवारी

तिनं कपाटातली पांढरी साडी, आमच्यात लग्नाला नेसतात तशी, काढून इस्त्री केली. एक नाही, दोन.

११ जानेवारी, रविवार

निघतोय. परसातल्या सदाफुलीला फुलं असतील, नसतील. सकाळीच राजारामपुरीतनं ओंजळभर घेतलीत, सदाफुली कुणी विकत नाही, शेवंती मिळाली.

दर रविवारी मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात जातो. आज पुढच्या दारात उभं राहायचं. आत या म्हणाले तरी आधी आत जायचं नाही. नाही म्हणतील. विजूला नाही म्हणाले, मलाही म्हणतील. मान खाली घालतील, “मी न्हाई” म्हणतील, आणि या वेळी हातात द्यायला फोनही नसेल. तरी सांगायचं ते एवढंच —

आबा, दारात जोडपं आलंय. लग्न लावून द्याल?